एका मुलाचे नऊ शेवट

खारवाडीच्या देवळासमोरचा मांडव शनिवारी सकाळी दहालाच गच्च भरला होता. पुढे बायका, त्यांच्यामागे पुरुष, जांभ्या दगडाच्या बुटक्या गडग्यावर चढून बसलेली पोरं. मध्ये पांढरा पडदा ताणलेला आणि त्यावर दर्शन हातिसकरची फेसबुक पोस्ट हातभर अक्षरांत उजळलेली.

"मी काही बोलणार नाही," दर्शनदादा माइक ओठांपाशी धरून हलक्या आवाजात म्हणाले. "मी बोललो तर तो अहंकार होईल. तुम्हीच वाचा. आणि वरची तारीख बघा."

पहिल्या रांगेतली एक शाळकरी मुलगी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात वाचू लागली, "मंगळवार, सकाळी अकरा वाजून चार मिनिटं. उद्या समुद्र पाच जणांना धरेल. चार सोडेल. एका आईनं दार उघडं ठेवावं."

बुधवारी पहाटे वादळात हरिश्चंद्र नाखव्यांची बोट उलटली होती. बोटीवर पाच खलाशी होते. चौघांना दुसऱ्या बोटीनं उचललं. पाचवा, तुळसाकाकीचा चोवीस वर्षांचा मुलगा ऋत्विक, चार दिवस झाले तरी सापडला नव्हता.

"मंगळवारी लिवलान!" एक म्हातारी पुटपुटली. "बोट बुडाली बुधवारी!"

"तारीख मागावून घातली असंल," मागून कोणीतरी म्हणालं.

"घालील कशी? तारीख अमेरिकेतून पडते," दुसऱ्यानं त्याला गप्प केलं.

मग तुळसाकाकीला दोन बायकांनी धरून पुढे आणलं. तिनं दर्शनच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यानं तिला उठवलं, तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटले. त्या क्षणी त्याचा चेहरा कॅमेऱ्याकडे बरोबर पाऊण वळलेला होता. तसा तो वळवायला मीच त्याला शिकवलं होतं.

मी तेजस्वी मयेकर. रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. दातांचे एक डॉक्टर, आरे-वारेच्या रस्त्यावरची दोन होमस्टे, तीन आंबेवाले, अशा लोकांची फेसबुकवरची पानं मी सांभाळते. कुठला फोटो टाकायचा, काय लिहायचं, कधी टाकायचं, कुणाला उत्तर द्यायचं. माझी आई याला 'मोबाइलवालं काम' म्हणते. दर्शन दीड वर्षापूर्वी आला तेव्हा पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. "मला माझा पर्सनल ब्रँड बांधायचाय," तो म्हणाला. "लोक म्हणतात, माझ्या तोंडून निघतं ते खरं होतं."

मी हसले नाही. गिऱ्हाईक होतं. मी त्याला पांढऱ्याऐवजी सायीच्या रंगाचा सदरा घालायला लावला. अनवाणी चालत जा म्हटलं, अनवाणी माणूस लोकांना खरा वाटतो. 'घडण्याआधी' हे त्याच्या पानाचं नावही माझंच. बाकीची भाषा त्याची स्वतःची होती. "मी भविष्य सांगत नाही, मी काळाची फ्रिक्वेन्सी पकडतो." "समुद्र हा निसर्गाचा वायफाय आहे, तुमचा पासवर्ड चुकतोय." असली वाक्यं तो न हसता म्हणायचा आणि खाली शेकडो माणसं हात जोडायची.

भाकितं तो स्वतःच्या वेगळ्या प्रोफाइलवर लिहायचा, आणि पानावरचे हजारो चाहते तिथेही असायचे. त्याचा पासवर्ड त्यानं मला कधी दिला नाही. भाकीत खरं ठरलं की तो लिंक पाठवायचा आणि मी ती पानावर फिरवायची. मी देवभोळी नाही. पण तारीख समोर दिसत होती, आणि तारखेवर मलाही उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर मी उत्तर शोधलंच नव्हतं.

आणि एक गोष्ट याहून वाईट. ऋत्विक शाळेत माझ्या तीन वर्षं मागे होता. हरवलेला मुलगा कोण, त्याची आई कुठे राहते, हे दर्शननं मला विचारलं तेव्हा मीच त्याला गाडीत बसवून तुळसाकाकीच्या दारात नेलं होतं. काकीला धीर मिळेल, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

*

त्या शनिवारच्या व्हिडिओनं दर्शनचं नशीब पालटलं. सत्तर हजारांवर अडकलेलं पान आठवड्याभरात ऐंशी हजारांवर गेलं. रोज एक रील. 'आईची वाट, दिवस सहावा.' 'आईची वाट, दिवस नववा.' काकी उंबऱ्यात बसलेली, काकी दिव्यात तेल घालताना, काकी समुद्राकडे बघताना. मी कापायचे, जोडायचे, खाली सनईचे सूर घालायचे.

बाराव्या दिवशी उत्तरेला केळशीच्या किनाऱ्यावर एक मृतदेह लागला. इतके दिवस पाण्यात राहिलेला. चेहऱ्यावरून ओळखणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोलिसांचा माणूस खारवाडीत आला. काकीच्या रक्ताचा नमुना घेतला तर तपासणीत कळेल, नाहीतर थोडे दिवस वाट पाहून बेवारस म्हणून दफन करावं लागेल, असं त्यानं नीट समजावून सांगितलं. ऋत्विकचे वडील पूर्वीच वारलेले, भावंड नाही. नमुना देऊ शकेल असं माणूस एकच.

काकी उठून आत गेली आणि दर्शनला फोन लावला. बाहेर आली ती ठाम होऊन.

"मी रगत नाय देनार. दादा म्हनाले, माजा पोर जिता हाय. रगत दिला तर मीच त्याला मेला म्हटल्यासारखा होईल. मग तो यायचा नाय."

माणूस परत गेला. दुसऱ्या दिवशीच्या रीलचं नाव होतं, 'आईनं नाही म्हटलं.' एका दिवसात चार लाख लोकांनी ती पाहिली. दर्शननं मला पेढे पाठवले. ते मी खाल्ले.

*

त्यानंतर तीन दिवसांनी सुर्वेबाई माझ्या ऑफिसात आल्या. आनंदी सुर्वे, आम्हाला शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण आवाज तोच, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. खुर्चीवर बसल्या, पिशवीतून चष्मा काढून लावला आणि म्हणाल्या, "तो पाच जणांचा चमत्कार काढ बघू."

मी पोस्ट उघडली.

"मंगळवारी सकाळी अकरा. बरोबर? आता खालच्या प्रतिक्रिया दाखव. सगळ्यांत पहिली कुठली?"

मी खाली खाली गेले. पहिली प्रतिक्रिया बुधवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांची होती. त्याच्या आधी काहीच नव्हतं.

"तुझ्या या दादाचे मंगळवारी किती चाहते होते?"

"सत्तर हजार."

"तो 'शुभ सकाळ' म्हणतो तेव्हा किती अंगठे येतात?"

"पाच मिनिटांत दोनशे."

"आणि समुद्र माणसं धरणार, असं लिहिल्यावर एकतीस तास एकालाही काही वाटलं नाही? विचारलं नाही कुणी, की बाबा रे, कुठली बोट?" बाईंनी चष्मा काढला. "तेजस्वी, हे तुझं रोजचं काम. मला चष्म्यातून दिसलं. तुला दिसलं नाही?"

अमुक पोस्ट इतकी थंड का गेली, हे शोधण्यावरच मी पोट भरते. आणि ही पोस्ट जन्मल्यापासून दीड दिवस मेलेली होती, हे मी पाहिलंच नव्हतं. पाहायचं नव्हतं म्हणून.

"म्हणजे मंगळवारी ती कुणाला दिसतच नव्हती," मी म्हणाले.

"मला तंत्र कळत नाही. ते तू शोध."

शोधायला दोनच दिवस लागले. पानाचा आकडा एक लाखावर जाणार होता, म्हणून शुक्रवारी खारवाडीतच 'एक लाख परिवार सोहळा' करायचं दर्शननं ठरवलं होतं. काकीच्या हातून दिवा लावायचा, थेट प्रक्षेपण करायचं. त्याची तालीम माझ्या ऑफिसात चालली होती. आवाज नीट जात नव्हता. "बघ गं जरा," म्हणत त्यानं स्वतःचा फोन माझ्या हातात दिला आणि चहा प्यायला खाली गेला.

दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावणं चूक आहे. मी डोकावले.

त्याच्या प्रोफाइलवर पोस्टमागून पोस्ट होती, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या वर एक बारीकसं कुलूप. फेसबुकवर लिहिताना ते कुणाला दिसावं हे निवडता येतं: सगळ्यांना, मित्रांना, किंवा 'फक्त मी'. 'फक्त मी' निवडलं की कुलूप येतं. ते कुलूप पुढे कधीही काढता येतं, आणि काढल्यावरही तारीख मूळ दिवसाचीच राहते. इतकंच. एवढ्यावर त्याचा सगळा देव्हारा उभा होता.

त्या मंगळवारी सकाळी हवामान खात्याचा वादळाचा इशारा आला होता. बाहेर गेलेल्या बोटी परतायला सांगितलं होतं. अकरा ते साडेअकरा या वेळात दर्शननं सव्वीस भाकितं लिहून कुलूपबंद केली होती. 'समुद्र सगळ्यांना सोडेल.' 'चार जणांना धरेल, तीन सोडेल.' 'सहा जणांना धरेल, एकालाही सोडणार नाही.' 'बोट जाईल, माणसं येतील.' बुधवारी संध्याकाळी बातमी कळल्यावर त्यानं 'पाच जणांना धरेल, चार सोडेल' या एकाच पोस्टचं कुलूप काढलं, बस्स.

मी खाली सरकत गेले. निवडणुकीच्या प्रत्येक उमेदवाराचा विजय तिथे होता. क्रिकेटचा प्रत्येक निकाल दोन्ही बाजूंनी होता. मग ऋत्विकचं नाव आलं.

ऋत्विकवर नऊ पोस्ट होत्या. सगळ्या एकाच दिवशी लिहिलेल्या, पहिल्या मांडवाच्या आदल्या दुपारी. 'ऋत्विक गुजरातच्या किनाऱ्यावर जिवंत आहे.' 'ऋत्विकला एका परदेशी जहाजानं उचललंय.' 'ऋत्विक एका इस्पितळात आहे, त्याला नाव आठवत नाही.' 'ऋत्विक दक्षिणेला सापडेल, पण श्वास नसेल.' मग सातवी. ती मी दोनदा वाचली, कारण पहिल्यांदा डोळ्यांसमोर अक्षरं ठरेनात.

'ऋत्विक उत्तरेला, वाळूत आहे. समुद्रानं मला आज सांगितलं. पण त्या माउलीच्या डोळ्यांत पाहून मला ते बोलता आलं नाही. ज्या दिवशी तिला कळेल, त्या दिवशी मी हे उघड करेन. आई, मला क्षमा कर.' त्यापुढे हात जोडल्याची तीन चित्रं आणि एक रडका चेहरा.

म्हणजे मुलगा मेल्याचं निघालं तर याचं रडणंसुद्धा आधीच तयार होतं, तारखेसकट. तोवर आईला दारात बसवून ठेवायचं होतं. जितके दिवस ती बसेल तितक्या रील.

मी माझ्या फोननं त्या सगळ्या कुलपांचे फोटो काढले.

दर्शन चहा पिऊन आला तेव्हा मी त्याला सरळ विचारलं. तो दचकला, पण क्षणभरच. मग खुर्ची ओढून आरामात बसला.

"तू होमस्टेचे फोटो टाकतेस ना? छत गळणारी खोली टाकतेस?"

"नाही."

"चांगली तेवढीच टाकतेस. मीही तेच करतो. जे खरं निघतं ते दाखवतो. ब्रँडिंग म्हणजे दुसरं काय असतं? तूच शिकवलंस."

"ती बाई रक्त देत नाहीये, दर्शन. तिकडे मृतदेह पडलाय. पुढच्या सोमवारनंतर पोलीस थांबणार नाहीत."

"सोमवारपर्यंत कशाला? शुक्रवारी सोहळा होऊ दे. शनिवारी मी स्वतः तिला घेऊन जातो नमुना द्यायला. कॅमेऱ्यासमोर. सस्पेन्स टिकला पाहिजे, तेजू. तिला काय फरक पडणार आहे? मेलेला असेल तर तो मेलेलाच आहे."

किळस या शब्दाचा अर्थ मला त्या दुपारी कळला. ती फक्त त्याची नव्हती. त्याच्या अंगावरचा सदरा मी निवडलेला होता.

*

मी फोटो घेऊन बाईंकडे गेले. म्हटलं, हे आत्ताच्या आत्ता सगळीकडे टाकते. बाईंनी मान हलवली.

"टाकलेस तर तो म्हणेल खोटे आहेत, यंत्रानं बनवलेत. लोक त्याचं ऐकतील, कारण त्यांनी चमत्कार डोळ्यांनी पाहिलाय. मग त्यांना दुसरा डोळ्यांनी दाखवू. चल, मला माशांची नावं सांग."

"कशाला?"

"सांग तर."

सोहळ्याला चार दिवस असताना, सोमवारी दुपारी बाईंनी आणि मी त्यांच्या प्रोफाइलवर सत्तेचाळीस पोस्ट लिहिल्या. मग त्यांनी हरिश्चंद्र नाखव्यांना फोन केला. बोट त्यांचीच बुडालेली. ऋत्विकला तेच घेऊन गेले होते, आणि त्या दिवसापासून तुळसाकाकीच्या दारासमोरून मान खाली घालून जात होते. त्यांना बाईंनी काही उलगडून सांगितलं नाही. शुक्रवारी मला दहा मिनिटं बोलू द्या, एवढंच मागितलं. मांडव वाडीचा, आणि वाडीत नाखव्यांचा शब्द चालायचा.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता पुन्हा तोच मांडव, तोच पडदा. 'एक लाख' लिहिलेला केक आला होता. तुळसाकाकीला नवं लुगडं नेसवून खुर्चीवर बसवलं होतं. ती कुणाकडेच बघत नव्हती. थेट प्रक्षेपण मीच सुरू केलं. दर्शन फ्रिक्वेन्सीवर बोलू लागणार, इतक्यात नाखवे उठले.

"आदी बाय बोलतील."

"अहो, कार्यक्रमपत्रिकेत..." दर्शन म्हणाला.

"पत्रिका ऱ्हावंदे."

सुर्वेबाई पडद्यासमोर उभ्या राहिल्या. "मलाही पुढचं दिसतं," त्या म्हणाल्या. लोक हसले. "हसू नका. हरिश्चंद्र, एका माशाचं नाव घ्या. मनात येईल ते. मी सोमवारीच लिहून ठेवलंय."

नाखव्यांनी मिशीवरून हात फिरवला. पापलेट, सुरमई असं सोपं ते देणार नव्हते. जरा वेळानं म्हणाले, "लेपा."

मी बाईंचं प्रोफाइल पडद्यावर घेतलं. सोमवार, दुपारी दोन वाजून एकोणीस मिनिटं. 'शुक्रवारी खारवाडीत हरिश्चंद्र नाखवे लेप्याचं नाव घेतील.'

नाखव्यांचं तोंड उघडंच राहिलं. "आयशप्पथ! मी आत्ताच ठरवला!"

मांडवात गलका झाला. पुढच्या रांगेतल्या म्हातारीनं बाईंना चक्क हात जोडले. "बाय, माज्या नातवाचा लगीन कदी होईल तेवढा सांगा."

"हात खाली घ्या!" बाई कडाडल्या. शाळेत कोणी पेपरात नक्कल केली की त्या अशाच कडाडत. "इतक्या सहज? एका लेप्यावर? तेजस्वी, बाकीच्या दाखव."

मी एकेक कुलूप उघडून दाखवत गेले. नाखवे बांगड्याचं नाव घेतील. सौंदाळ्याचं. मुडदुशीचं. तारलीचं, पेडव्याचं, घोळीचं, मांदेलीचं. सगळ्या सोमवारच्या. सातव्या-आठव्या माशाला पोरं हसायला लागली. विसाव्याला मोठी माणसं गप्प झाली.

"सत्तेचाळीस लिहिले," बाई म्हणाल्या. "एकच दाखवला. उरलेले लपवले असते तर मी आत्ता देवी झाले असते."

"आनि तुमच्या यादीत नसलेला मासा घेतला असतान तर?" गडग्यावरून कोणीतरी विचारलं.

"तर म्हणाले असते, आज समुद्राची फ्रिक्वेन्सी नीट लागत नाही. आणि ते तुम्ही उद्या विसरला असता."

मग मी बोलले. मी या माणसाचं पान चालवते, याला या वाडीत मी आणलं, असं आधी सांगितलं. मग त्या मंगळवारची सव्वीस भाकितं पडद्यावर लावली. ऋत्विकच्या पोस्ट लावल्या नाहीत. त्या काकीसमोर अशा, हातभर अक्षरांत, मला दाखवता आल्या नाहीत.

"हे सगळं एआयनं बनवलेलं आहे," दर्शन उभा राहिला. आवाज अजून मऊच होता. "हा माझ्या ब्रँडवर हल्ला आहे. माझ्या एक लाख परिवारावर हल्ला आहे. दादांना प्रश्न नाही, समुद्राला प्रश्न आहे हा!"

"मग तुमचा फोन पडद्याला जोडा," बाई म्हणाल्या. "तुमचं प्रोफाइल उघडा. दोन मिनिटांचं काम आहे. मी खोटी ठरले तर इथेच माफी मागते."

"प्रायव्हसी नावाची काही गोष्ट असते, बाई."

तेव्हा तुळसाकाकी खुर्चीवरून उठली. तिला कोणी धरलं नव्हतं. ती हळूहळू त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माज्या पोराविषयी काय लिवलंयस?"

"आई, तुम्ही बसा. तुमची मनःस्थिती..."

"मना वाचता येत नाय. तू वाचून दाखव. माज्या पोराविषयी लिवलंयस ना? मग मना ऐकव."

त्यानं फोन छातीशी धरला. अंगठा मात्र फोनच्या काचेवर भराभरा फिरत होता. तो पोस्ट पुसत होता. समोर चारशे माणसं, माझा कॅमेरा चालू, आणि तो आईशी बोलायचं सोडून पोस्ट पुसत होता. ते सगळ्यांना दिसलं.

"दादानू, फोन दाखवा," नाखवे म्हणाले. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत दर्शन मांडवाच्या मागच्या बाजूनं गाडीकडे निघाला होता. त्याच्या मागे तीन-चार जण "दादांना बदनाम करताय" असं ओरडत गेले. बाकी कोणी हललं नाही.

काकी माझ्याकडे वळली. "तू बगितलंस?"

"हो."

"काय लिवलान?"

मी तिला बाजूला नेलं, गडग्यापाशी बसवलं आणि नऊच्या नऊ सांगितल्या. रडले नाही, रडायचा मला हक्क नव्हता. सातवी ऐकून तिनं फक्त विचारलं, "त्याला म्हायत होता?"

"नाही काकी. त्याला काहीच माहीत नव्हतं. म्हणून तर नऊ लिहिल्या."

ती पदर खोचून उठली. "सकाळी गाडी घेऊन ये," म्हणाली.

*

शनिवारी तिनं रक्त दिलं. आम्ही पोलिसांना विनंती केली, आणि अहवाल येईपर्यंत मृतदेह राखून ठेवला गेला. अहवाल अकरा दिवसांनी आला. तो ऋत्विकच होता.

सगळी वाडी अंत्यविधीला होती. नाखव्यांनी खांदा दिला. परत आल्यावर काकी ओसरीवर बसली, मी तिच्यासमोर खाली बसले. ती म्हणाली, "तेवीस दिवस माजा पोर बेवारस म्हनून पडला होता गो. नाव होता त्याला. आई होती. त्यातले अकरा दिवस मी दिले."

"तू नाही दिलेस काकी. आम्ही तुझ्याकडून घेतले," मी म्हणाले.

दर्शनचं काय झालं, असं लोक विचारतात. जादूटोणाविरोधी कायद्याखाली सुर्वेबाईंनी आणि मी तक्रार दिली आहे, चौकशी चालू आहे. त्यानं दुसऱ्याच दिवशी गळा दाटून एक व्हिडिओ केला, 'सत्याची किंमत' नावाचा. पाच हजार माणसं सोडून गेली, सात हजार नवी आली. आता तो चिपळूणच्या बाजूला 'स्वतःचा ब्रँड घडवा' अशी शिबिरं घेतो म्हणे. हे लिहितानासुद्धा तोंड कडू होतं.

मी अजून तेच काम करते. आंब्याच्या पेटीचे फोटो काढते, होमस्टेच्या खोल्यांचे काढते. गळणारी खोली असेल तर मालकाला आधी ती दुरुस्त करायला सांगते. दोघांनी त्यावरून काम काढून घेतलं. माणसांची पानं मात्र घेत नाही.

वाचणाऱ्याला एवढंच सांगायचं आहे. फोनवर दिसणारा माणूस म्हणजे त्यानं निवडून ठेवलेले तुकडे असतात. खरं ठरलेलं भाकीत समोर आलं तर ते त्या दिवशी, घटना घडायच्या आधी, कुणी पाहिलं होतं का ते विचारा. पाहिलेल्याचं नाव विचारा. नाव मिळालं नाही तर तिथेच थांबा. मित्र रागावतील, घरचे नास्तिक म्हणतील, म्हणू देत. आणि पोलीस नमुना मागायला आले, डॉक्टरांनी तपासणी सांगितली, तर आधी ती करा. श्रद्धा, नवस, प्रार्थना, जे काही असेल ते तपासणी करूनही करता येतं. तपासणी थांबवा म्हणणाऱ्याला मात्र घराच्या पायरीवर उभं करू नका. मी एकाला उभं केलं होतं.